न्यू कॅप्रिका: दमलेल्या माणसांनी निवडलेला ग्रह

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची नवी आवृत्ती पाहिलेली माणसं भेटली की गप्पा बहुतेक सायलॉनांवर येतात. माणसासारखी दिसणारी यंत्रं, आपल्यातलाच कोण यंत्र निघेल याची धास्ती, वगैरे. मला मात्र त्या मालिकेतली एक जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते: न्यू कॅप्रिका नावाचा थंड, चिखलाळ ग्रह. एका निवडणुकीत तो जिंकला, दीड वर्षाच्या आत सोडावा लागला, आणि त्याचा हिशेब पुढची अडीच वर्षं चुकता होत राहिला. राज्यकारभाराच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून ते इथे सुरुवातीपासून मांडतो. मालिका पाहायची असेल त्यांनी आधी पाहून घ्यावी, कारण पुढे काहीच लपवलेलं नाही.

थोडी पार्श्वभूमी. ग्लेन लार्सन यांची मूळ मालिका 'एबीसी' वाहिनीवर 17 सप्टेंबर 1978 रोजी सुरू झाली आणि एका हंगामात संपली. रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आयक यांनी ती नव्याने घडवली: डिसेंबर 2003 मध्ये लघुमालिका, मग मार्च 2009 पर्यंत चार हंगाम. दोन्हीकडे कथेचा सांगाडा एकच. माणसांच्या बारा वसाहती सायलॉन बेचिराख करतात, कॅप्रिका हा त्यांतला मुख्य ग्रह, आणि उरलेली माणसं गॅलॅक्टिका या युद्धनौकेच्या आडोशाने जहाजांच्या ताफ्यातून पृथ्वी शोधत निघतात. नव्या मालिकेत जगलेल्यांचा आकडा शीर्षकांबरोबर पडद्यावर येतो. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला तो 50,298 असतो. त्याच शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आहे, 'तत्सवितुर्वरेण्यम्' अगदी स्पष्ट ऐकू येतं. लहानपणापासून कानावर असलेले ते शब्द त्या आकड्याबरोबर ऐकताना आपल्याकडच्या प्रेक्षकाला जे वाटतं, ते अमेरिकन प्रेक्षकाला वाटत असेल असं मला वाटत नाही.

न्यू कॅप्रिका मूळ मालिकेत नाही. तरी तिचं बीज तिथेच आहे, आणि ते पाहिल्याशिवाय नव्यांनी काय बदललं ते कळत नाही.

1978 च्या पहिल्याच कथेत पळून आलेला ताफा अन्न आणि इंधनाच्या शोधात कॅरिलॉन नावाच्या ग्रहावर उतरतो. तिथे भरपूर इंधन आहे, पंचपक्वान्नं आहेत, जुगाराचा अड्डा आहे, दिवेच दिवे आहेत. उपाशी, भेदरलेली माणसं तिथे रमतात. सायर उरी नावाचा पुढारी म्हणतो की आता शस्त्रं टाकू, सायलॉनांशी समेट करू, इथेच राहू. ही भूमिका रे मिलँड यांनी केली होती. कमांडर अडामाला संशय येतो आणि तो खरा ठरतो. ग्रहाच्या पोटात ओव्हियन नावाचे कीटकासारखे जीव माणसांना पळवून नेऊन खाद्य बनवत असतात आणि सायलॉनांचा हल्ला ठरलेला असतो. अडामा डाव उलटवतो, ताफा निसटतो, ग्रहाचा स्फोट होतो.

म्हणजे वस्ती करू पाहणारे मूर्ख किंवा स्वार्थी, सेनापती शहाणा, आणि धोका तळघरात दडलेला. त्या प्रसारणाच्या रात्री एक विलक्षण योगायोग घडला होता. समेटावर विश्वास ठेवू नका असं सांगणारी ही कथा चालू असताना, मध्येच थांबवून, इजिप्त आणि इस्रायल यांच्यातल्या कॅम्प डेव्हिड कराराची बातमी दाखवावी लागली.

नव्या निर्मात्यांनी हाच पेच पुन्हा घेतला आणि त्यातलं तळघर काढून टाकलं. न्यू कॅप्रिकावर राक्षस नाहीत, सापळा नाही. पिकं जेमतेम येतील, विषुववृत्ताजवळचा पट्टा राहण्याजोगा, बाकी गारठा. धोका असलाच तर तो माणसं सोबत घेऊन उतरतात.

निवडणूक

दुसऱ्या हंगामाचा शेवट, मार्च 2006. लॉरा रॉझलिन राष्ट्राध्यक्ष आहेत. मुळात त्या शिक्षणमंत्री. सत्तेच्या उतरंडीत 43 व्या क्रमांकावर होत्या आणि वरचे सगळे एका दिवसात मेले म्हणून पद त्यांच्याकडे आलं. समोर उमेदवार आहेत त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष, शास्त्रज्ञ गायस बाल्टर. प्रचारात रॉझलिन पुढे आहेत. लोकसंख्या घटतेय म्हणून त्यांनी गर्भपातावर बंदी आणली आहे, त्यावरून नाराजी आहे, पण तेवढ्याने त्या हरणार नाहीत.

मग कॅप्रिकावर अडकलेल्या लोकांना सोडवायला निघालेल्या मोहिमेतलं एक छोटं यान वाट चुकतं आणि एका तेजोमेघात हा ग्रह सापडतो. मेघामुळे शोधयंत्रांना तो दिसत नाही. बाल्टरचा सल्लागार टॉम झॅरेक लगेच हेरतो की मुद्दा मिळाला. ही भूमिका रिचर्ड हॅच यांची. 1978 मध्ये कॅरिलॉनवरून ताफा सोडवणारा अपोलो हेच होते. 28 वर्षांनी तोच चेहरा 'इथेच उतरू या' असा सल्ला देताना दिसतो. निर्मात्यांनी हे ठरवून केलं की नाही, यापेक्षा ते किती नेमकं बसलंय याचं मला अप्रूप आहे.

रॉझलिन म्हणतात, सायलॉन आज ना उद्या शोधतीलच, थांबू नका. बाल्टर म्हणतात, डोक्यावर आकाश आणि पायाखाली माती हवीय की नाही? मतदार कोण आहेत ते ध्यानात घ्या. महिनोन्महिने जहाजांच्या पत्र्याच्या पेट्यांत राहणारी, मोजून पाणी पिणारी, जवळपास सगळी नातीगोती गमावलेली माणसं. पुष्कळ समीक्षक इथे 'जनता भुलली' असं लिहितात. मला ते पटत नाही. लोकांना बाल्टर पुरता ठाऊक नव्हता, पण जहाजातलं जगणं पुरेपूर ठाऊक होतं. त्यांचं मत अडाणी नव्हतं. दोष होता तो प्रश्न ज्या पद्धतीने विचारला गेला त्यात. कायमची वस्ती हा स्वतंत्रपणे, वेळ घेऊन, पाहणी करून ठरवायचा विषय. तो एका माणसाच्या निवडीला बांधला गेला. परतीची सोय काय, संरक्षण कुणी करायचं, पहिली दोन वर्षं खायचं काय, यावर चर्चाच झाली नाही.

निकाल विरुद्ध जातोय असं दिसताच रॉझलिन यांची सहायक टोरी, गॅलॅक्टिकेचा दुय्यम अधिकारी टाय आणि आणखी काहीजण मिळून मतपेटी बदलतात. रॉझलिन यांना ते माहीत असतं. लेफ्टनंट गेटा या नेटक्या, कागदांत रमणाऱ्या अधिकाऱ्याला एका जहाजाच्या मतपत्रिकांत गडबड दिसते आणि तो ती वर कळवतो. गॅलॅक्टिकेचा सेनापती अडामा रॉझलिन यांना समोरासमोर विचारतो. बाल्टर कॅप्रिकावर सायलॉन बाईबरोबर दिसल्याचं रॉझलिन यांना मरणाच्या दारात असताना आठवलेलं आहे. त्यांचा संशय खरा आहे, पुरावा नाही. अडामाचं म्हणणं एवढंच की निवडणूक चोरली तर ते आपल्याला आतून खाईल. रॉझलिन हार मान्य करतात.

पुढे जे झालं ते माहीत असूनही मी अडामाच्याच बाजूने आहे. चोरलेल्या सत्तेने रॉझलिन यांनी त्याच लोकांना पुन्हा त्याच पेट्यांत कोंडलं असतं, आणि ताफ्यात बंड झालं असतं. या प्रकरणात चुकीचे निर्णय पुष्कळ आहेत. हा त्यांतला नाही.

सायलॉनांना ग्रह सापडला कसा

बाल्टरने सायलॉन ओळखण्याच्या यंत्रासाठी म्हणून एक अण्वस्त्र मिळवलं होतं आणि ते जीना नावाच्या, सायलॉन असलेल्या, छळ सोसलेल्या बाईला दिलं होतं. बाल्टरच्या शपथविधीच्या वेळेस ती क्लाउड नाइन या जहाजावर त्याचा स्फोट करते. आसपासची जहाजंही जातात. नवे राष्ट्राध्यक्ष चौकशी बाजूला ठेवून वस्तीचा हुकूम देतात. वर्षभराने सायलॉन येतात ते त्याच स्फोटाची खूण एक प्रकाशवर्ष दूर टिपून.

रॉझलिन यांचं भाकीत असं खरं ठरलं, पण त्यांनी दिलेल्या कारणाने नाही. मेघाने आपलं काम चोख केलं होतं. वस्तीचा निर्णय आणि वस्तीचा नाश यांच्यामध्ये एका माणसाचं बेजबाबदार गुपित उभं आहे. त्याने ते योग्य ठिकाणी उघड केलं असतं, तर कदाचित न्यू कॅप्रिका आजही त्या मेघात लपलेली राहिली असती. 'वस्ती केली म्हणून मेले' हा सरधोपट निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे जरा तपासून पाहावं.

दुसरी चूक संरक्षणाची. 'एक वर्षानंतर' म्हणून पडदा उघडतो तेव्हा बाल्टर मेजावर डोकं टेकून बसलेला असतो, खाली तंबूंचं चिखलाने भरलेलं शहर, कामगार संघटनेचा संप, मुलांना शिकवणाऱ्या रॉझलिन आणि न्यूमोनियाने फणफणलेला अँडर्स (वैमानिक स्टारबकचा नवरा), औषधाच्या प्रतीक्षेत. आकाशात दोन युद्धनौका आहेत, पण नावापुरत्या माणसांवर. कुशल लोक लग्नं करून, मुलंबाळं होऊन खाली उतरलेत. ताफ्यातली बहुतेक जहाजंही जमिनीवर. पुढे डिसेंबर 2006 मध्ये आलेल्या 'अनफिनिश्ड बिझनेस' या भागात मागे वळून हेच दाखवलंय. वस्तीच्या मुहूर्ताच्या दिवशी अडामा आणि रॉझलिन वाळूच्या पोत्यांना टेकून पडलेत, रॉझलिन ओढ्याकाठच्या झोपडीची स्वप्नं सांगतायत, आणि अडामा, ज्याने आयुष्यभर शिस्त पाळली, तो माणसांना नौका सोडायची मोकळीक देतो. नंतर मुष्टियुद्धाच्या आखाड्यात तो कामगार संघटनेचा नेता टिरोल याला मुद्दाम आव्हान देतो आणि मार खाऊन सगळ्यांसमोर सांगतो की मी तुम्हाला फार जवळ येऊ दिलं, ढिलाई झाली, आणि त्याची किंमत मोजावी लागली. या प्रकरणातला हा एकच जबाबदार माणूस आहे, ज्याने आपला वाटा कुणी न विचारता मांडला.

सायलॉन उतरतात तेव्हा अडामा आणि त्याचा मुलगा ली यांना नौका घेऊन निघून जावं लागतं. लढायला माणसंच नाहीत. बाल्टर शरणागती पत्करतो.

चांगल्या हेतूचा कब्जा

इथे मालिका जे करते ते मला आजही थक्क करतं. सायलॉन मारायला आलेले नाहीत. कॅप्रिका सिक्स आणि बूमर या दोन सायलॉन बायकांनी आपल्या लोकांना पटवलंय की नरसंहार हे पाप होतं आणि आता माणसांबरोबर राहायला शिकलं पाहिजे. हेतू खरा आहे. फक्त समोरच्याला विचारलेलं नाही. मग प्रतिकार होतो, प्रतिकाराला अटक, अटकेला बाँब, बाँबला फाशीची यादी. ऑक्टोबर 2006 मध्ये तिसरा हंगाम सुरू झाला तेव्हा पडद्यावर कब्जाचा 134 वा दिवस होता, आणि घराघरांत त्याच सुमारास इराकच्या बातम्या चालू होत्या.

डक नावाच्या वैमानिकाची बायको नोरा मंदिरातल्या गोळीबारात मरते. तो सायलॉनांनी उभारलेल्या स्थानिक पोलिसांत भरती होतो आणि पोलिसांच्या दीक्षान्त समारंभात अंगावर बाँब बांधून जातो. मरणारे बहुतेक त्याच्याच बाजूला उभे असलेले तरुण, तोंड झाकून नोकरी करणारी माणसं. लक्ष्य होता बाल्टर, तो आलेलाच नव्हता. इराकमधल्या हिल्ला शहरात 28 फेब्रुवारी 2005 रोजी पोलीस भरतीसाठी जमलेल्या लोकांवर असाच हल्ला होऊन शंभराहून अधिक माणसं मेली होती. अमेरिकन प्रेक्षकाने बातम्यांत ज्याला शत्रू म्हणून पाहिलं, त्याच्या जागी मालिकेने त्याचे लाडके नायक बसवले. आणि त्यांना सोडवून घेतलं नाही. बाल्टर तुरुंगात रॉझलिन यांना विचारतो की माझ्या डोळ्यांत बघून सांगा, गर्दीत बाँब बांधून पोरं पाठवणं तुम्हाला मान्य आहे? त्या नजर खाली वळवतात. या प्रश्नावर मालिकेचं हेच उत्तर आहे, आणि मला ते प्रामाणिक वाटतं.

बाल्टर दोनशेहून अधिक लोकांच्या मृत्युदंडावर सही करतो तेव्हा त्याच्या डोक्याला पिस्तूल लावलेलं असतं, आणि विरोध करणाऱ्या कॅप्रिका सिक्सला त्याच खोलीत गोळी घातलेली असते. एलन टाय नवऱ्याची सुटका व्हावी म्हणून सायलॉन कॅव्हिलशी संबंध ठेवते, मग त्याच्या धमकीपोटी प्रतिकाराच्या बैठकीचा नकाशा त्याला देते. ते कळल्यावर एक डोळा गमावलेला तो नवरा तिला स्वतःच्या हाताने विष देतो.

आणि गेटा. मतपेटीतली गडबड पकडणारा हा नियमाचा माणूस आता बाल्टरच्या कार्यालयात बसतो, सायलॉनांबरोबर फाइली हाताळतो. वस्तीत सगळे त्याला घरभेदी समजतात. प्रत्यक्षात तो आतली कागदपत्रं एका ठरलेल्या जागी ठेवत असतो आणि खूण म्हणून कुत्र्याचं खाण्याचं भांडं पालथं घालत असतो. टिरोल ते भांडं पाहतो, कागद घेतो, पण ठेवणारा कोण हे त्याला ठाऊक नसतं. फितुरीचा शिक्का बसलेल्या त्या टेबलावरून निघालेल्या माहितीशिवाय सुटका अवघड होती.

सुटका दोन शब्दांत सांगतो, कारण ती पाहायचीच गोष्ट आहे. गॅलॅक्टिका थेट ग्रहाच्या वातावरणात अवतरते, दगडासारखी कोसळत असताना लढाऊ विमानं सोडते आणि आदळायच्या क्षणी अदृश्य होते. पेगासस ही दुसरी नौका बळी जाते. या भागाला दृश्यपरिणामांसाठी 2007 चं एमी मिळालं. पुढच्या भागाच्या सुरुवातीला आकडा येतो: 41,435. निवडणुकीच्या आधी तो साडेएकोणपन्नास हजारांच्या घरात होता.

हिशेब

एरवीच्या मालिकेत सुटकेनंतर आनंदीआनंद असतो. इथे पुढच्या भागाचं नावच 'कोलॅबोरेटर्स', म्हणजे फितूर, असं आहे. हंगामी राष्ट्राध्यक्ष झॅरेकने गुपचूप सहाजणांचं न्यायमंडळ नेमलंय: टाय, टिरोल, अँडर्स आणि इतर, सगळे प्रतिकारातले. ते फितुरांची नावं काढतात, मतं घेतात, आणि माणसाला जहाजाबाहेर, निर्वात अवकाशात ढकलतात. पोलिसांत गेलेल्या जॅमरला असंच मारलं जातं. त्याने फाशीच्या वाटेवर टिरोलच्या बायकोला पळून जाऊ दिलं होतं, ते तो सांगतो, तरी मारलं जातं. अँडर्सला हे सोसत नाही, तो उठून जातो. त्याच्या जागी स्टारबक येते.

मग गेटाची पाळी. तो गयावया करत नाही. स्टारबक त्याला डिवचते, दयेची भीक माग म्हणते. तो थकल्या आवाजात सांगतो की मी कागद ठेवत होतो, कुत्र्याचं भांडं पालथं घालत होतो. टिरोलच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. हे भांड्याचं त्याच्याखेरीज कुणाला माहीत असणार? एका भांड्याच्या तपशिलावर एक जीव वाचतो. जॅमरकडे तसा तपशील नव्हता. पुरावा, साक्ष, बचावाचा वकील या गोष्टी कशासाठी असतात हे कायद्याच्या जाड पुस्तकापेक्षा या एका दृश्यात मला जास्त कळतं.

रॉझलिन पुन्हा पदावर येतात आणि सरसकट माफी जाहीर करतात. वरवर पाहता हा शहाणा निर्णय आहे. एवढ्याशा उरलेल्या समाजाला फितुरांच्या याद्या परवडणाऱ्या नव्हत्या. पण माफी मिळाली तरी कुणी काय केलं ते नीट नोंदवून, ऐकून घेतलं गेलं नाही. गेटाला जवळजवळ मारणाऱ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून काही कबूल केलं नाही. आणि माफीतून एकटा बाल्टर वगळला गेला.

त्याचा खटला मार्च 2007 मध्ये 'क्रॉसरोड्स'च्या दोन भागांत येतो. साक्षीला उभा राहिलेला ली अडामा विचारतो की मी पळून गेलो, मला माफी; टायने आत्मघाती हल्ले करवले, त्याला माफी; निवडणूक चोरू पाहणाऱ्यांना, गुपचूप माणसं मारणाऱ्यांना माफी; मग हाच एक कसा उरला? आपली लाज एका माणसाच्या डोक्यावर ठेवून त्याला बाहेर ढकलायचं, म्हणजे आपण मोकळे. बाल्टर दोषी होता यात मला शंका नाही. अण्वस्त्राबद्दल तर तो उघड दोषी होता आणि त्यावर खटल्यात नीट बोट ठेवलं गेलं नाही. तरी ज्या आरोपावर त्याला उभं केलं होतं त्यावर त्याची सुटका होणंच रास्त होतं. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी सुटकेच्या बाजूने मत दिलं, त्यांत अडामा होता.

या खटल्यात गेटा खोटी साक्ष देतो. बाल्टरने मृत्यूच्या यादीवर राजीखुशीने सही केली, असं तो शपथेवर सांगतो. मतपत्रिकांमधली गडबड न राहवून कळवणारा हाच तो माणूस. न्यू कॅप्रिकाने कुणाचं काय केलं याचा याहून मोठा दाखला मालिकेत नाही.

17 मार्च 2009 रोजी, मालिका संपायच्या तीन दिवस आधी, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात मूर, आयक, अडामाची भूमिका करणारे ओल्मोस आणि रॉझलिन यांची भूमिका करणाऱ्या मॅकडॉनेल यांच्यासह मानवी हक्क, दहशतवाद आणि समेट यांवर खुली चर्चा झाली. एका विज्ञानकाल्पनिक मालिकेला हा मान मिळाला, त्यात न्यू कॅप्रिकाच्या भागांचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

त्याच वर्षी, जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत दाखवलेल्या भागांत, गेटा झॅरेकबरोबर मिळून गॅलॅक्टिकेवर बंड करतो. तात्कालिक कारण वेगळं: सायलॉनांच्या एका गटाशी केलेली युती. पण त्या बंडात त्याच्यामागे जमणारी माणसं न्यू कॅप्रिका भोगून आलेली आहेत, आणि सायलॉनांबरोबर काम केल्याबद्दल ज्याला मरणाच्या दारात उभं केलं गेलं, त्यालाच आता सेनापती सायलॉनांबरोबर काम करायला सांगतोय. बंड मोडतं. गेटा आणि झॅरेक दोघांना गोळ्या घालून मारलं जातं. आदल्या रात्री गेटाशी बोलत बसलेला असतो तो बाल्टर.